दासींच्या रांगेत आई

आई गेली तेव्हा तिचा एकच फोटो आमच्याकडे होता, लग्नातला. त्यात तिने मान इतकी खाली घातली होती की मुंडावळ्या आणि भांग एवढंच दिसायचं. पुढे कधी फोटो काढावा असं कुणाला सुचलं नाही. माणूस रोज समोर असल्यावर फोटो कशाला?

ती काविळीने गेली, बघता बघता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मरोळला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायला जायचे. वर्ष सरत आलं तसं मला एक भलतंच भय वाटायला लागलं. तिचा आवाज आठवायचा, भाकरी थापतानाचा बांगड्यांचा नाद आठवायचा. चेहरा मात्र आठवायला गेलं की निसटायचा. कामावर लेबल चिकटवता चिकटवता मी नाकापासून सुरुवात करायचे, डोळ्यांपर्यंत पोचेतो नाक हरवलेलं असायचं.

बाबा अंधेरीच्या एका फिल्म स्टुडिओत मोल्डिंगच्या कामाला होते. पडद्यावर दगडाचं, पितळेचं, संगमरवराचं म्हणून जे दिसतं, ते तिथे बहुतेक कागदाचं असायचं. आधी शाडूची मूर्ती घडवायची, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, मग साच्यात लईत, म्हणजे मैद्याच्या खळीत, भिजवलेल्या कागदाचे थरावर थर बसवायचे. वाळलं की दोन्ही बाजू जोडायच्या, वरून खडूची पूड आणि सरस, आणि शेवटी रंग. बाबांनी असे खरेखुरे वाटणारे हत्ती केले, रथाचे घोडे केले. शूटिंग संपलं की सगळं मोडून टाकायचे. घरी कधी त्याबद्दल बोलणं व्हायचं नाही. आई असताना तर बाबा दोन-दोन पाळ्या करायचे. आम्ही उठायच्या आत जायचे, निजल्यावर यायचे.

एका रविवारी ते डबा विसरून गेले म्हणून मी तो द्यायला स्टुडिओत गेले. मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती. आत लईचा आंबूस वास, आणि भिंतीला लागून बायकांची रांग. माझ्याएवढ्या उंच, हातात दिवा धरायला तळवा पुढे केलेल्या. रंग अजून दिलेला नव्हता. कुणाच्या गालावर पेपरातल्या जाहिरातीची अक्षरं, कुणाच्या कपाळावर सिनेमाच्या खेळांच्या वेळा. आणि सगळ्यांचा चेहरा एकच.

मी डबा खाली ठेवला.

"बाबा, ह्या कोण?"

"राजवाड्यातल्या दासी. चौकात उभ्या करायच्यात."

"ही आई आहे."

बाबा हाताची लई पुसत राहिले. "हो," म्हणाले.

मी जवळ गेले. कागदाच्या गालावर हात ठेवला. गार होता, किंचित ओला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही, कारण बघत राहिले तशी ती मला अनोळखी वाटायला लागली. गाल भरलेले, हनुवटी वर, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी खट्याळ. मी जन्मायच्या आधीची ती असणार. ती बाबांची बायको होती. माझी आई तिच्यात कुठे दिसत नव्हती.

"आई अशी नव्हती," मी म्हटलं. "ही केवढी तरुण आहे! डोळ्यांखाली बघा ना. इथे सुरकुत्या होत्या. गाल बसले होते."

"मला अशीच दिसते."

"पण शेवटी..."

"शेवटचं मला नाय आठवत गो." ते स्टुलावर बसले. "ती म्हातारी कधी झाली ते कळलंच नाय मला. घरी यायचो तेव्हा अंधारच असायचा."

मी विचारलं, शूटिंगनंतर ह्यांचं काय करणार?

"जाळायच्या. शेवटी राजवाड्याला आग लागते. म्हणून तर कागदाच्या."

मी हट्टच धरला. ह्यातली एक मला माझ्या आईसारखी करू द्या. बाबा नाही म्हणाले नाहीत. पुढचे काही रविवार मी शेडमध्ये गेले. रांगेतली शेवटची दासी आम्ही घेतली आणि तिच्या चेहऱ्यावर लगदा चढवून तिचं वय वाढवू लागलो. तरुण चेहरा म्हातारा करायला काढून टाकावं लागेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. भर घालावी लागायची: पापणीखाली एक पातळ पट्टी, जबड्याच्या कडेला थोडी, मानेवर दोन. बाबांची बोटं चालायची, मी सांगायचे.

"जास्त झालं. एवढी नव्हती थकलेली."

"मग तूच म्हणालीस ना, गाल बसलेले?"

"बसलेले, पण हसली की भरायचे."

"ते कागदात कसं दाखवू?" बाबा वैतागायचे. मग दोघंही मागे सरकून बघत बसायचो. गंमत अशी की भांडताना मला ती आठवायला लागली. डावी भुवई जरा वर असायची, हे मला तोवर माहीतच नव्हतं. बाबांनी दोन्ही सारख्या केल्या आणि मी ओरडले. भुवई वर गेली, आणि समोर आई उभी राहिली. बाबा उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. हातात माझ्यासाठी चहा होता.

आर्ट डायरेक्टर पाहायला आले तेव्हा ते त्या शेवटच्या मूर्तीपाशी थांबले. "ये क्या है? दासी है या दासी की माँ?" सगळे हसले. बाबाही हसले. "हटाओ इसको."

अशी ती वाचली. हातगाडीवर आडवी घालून, वरून आईचीच चादर पांघरून बाबांनी तिला चाळीत आणली. आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायची. तिने दारातच कपाळाला हात लावला.

"जित्या माणसांका ऱ्हवाक जागा नाय, नि हिका खंय ठेवतलस?"

कपाटाशेजारी ठेवली. चादर काढल्यावर आत्या तिच्याकडे नुसती पाहत राहिली. मग पदराने तिच्या खांद्यावरची धूळ पुसली आणि परत त्या विषयावर बोलली नाही.

आगीचं शूटिंग होतं त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. भर दुपार होती. बाबा पाण्याची बादली घेऊन इतर कामगारांबरोबर उभे होते. कागद किती चटकन पेटतो! एकेक दासी आधी काळवंडायची, मग आतून लाल व्हायची, मग बसकण मारायची. बाबांनी एकदाही तोंड फिरवलं नाही. मला माझी आई मिळाली होती. त्यांची बायको त्यांच्यासमोर जळत होती. हे मला तिथे उभं असताना लख्ख कळलं, आणि मला काही करता आलं नाही.

सिनेमा लागला, फारसा चालला नाही. आम्ही दोघं पाहायला गेलो. दासी दिसल्या, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. बाबा नंतरही एकटेच जात राहिले. शेवटचा आगीचा भाग आला की थिएटरचा दारवान त्यांना तिकिटाशिवाय आत सोडायचा, असं मला आत्याने सांगितलं.

माझं लग्न होऊन मी मुलुंडला गेले. सासरी एका खोलीत आम्ही सहा माणसं. मूर्ती नेणं शक्यच नव्हतं. माहेरी आले की आधी तिच्याकडे बघायचे. सुरुवातीला बाबा तिच्याकडे पाठ करून जेवायचे. हळूहळू त्यांचं पान सरकलं. एकदा आले तर ते तिच्यासमोर पेपर मोठ्याने वाचत होते. मला पाहून ओशाळले.

"आता ही पण ओळखीची झाली," म्हणाले. "तू सांगितलंस तशीच असणार ती. मी बघायला हवं होतं."

काम सुटल्यावर त्यांनी गावी जायचं ठरवलं. मूर्ती अख्खी नेता येईना. मान वेगळ्या साच्यातली असते. जोडावर ओला फडका ठेवून ठेवून बाबांनी ती सोडवली आणि डोकं तेवढं चादरीत गुंडाळलं. बोरिवलीच्या डेपोत मी त्यांना सोडायला गेले. बाबांच्या मांडीवरचं गाठोडं बघून कंडक्टर म्हणाला, "काका, ते टपावर टाका."

"टपावर नको."

"का? काय आहे त्यात?"

"आमची मंडळी आहेत," बाबा म्हणाले.

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या सीटकडे गेला. गाडी सुटली. खिडकीतून बाबांनी हात केला नाही; दोन्ही हात गुंतलेले होते. मी डेपोतच एका बाकावर बसले. मुलुंडला परतायला उशीर होत होता, पण उठवेना. आईची भुवई, मान, सगळं मला आठवत होतं, आणि ती नेमकी आता माझ्यापासून लांब चालली होती.