दिनारचा भाव

आमच्या लालबागच्या चाळीतल्या घाडीवहिनींचे यजमान कुवेतला सुतारकाम करत. ते वारल्यावर त्यांनी आणलेल्या दिनारच्या नोटांचं पुडकं वहिनींनी देव्हाऱ्यात ठेवलं. लक्ष्मीपूजनात हळदकुंकू लागलेल्या नोटा मोडायच्या नसतात, असं त्या म्हणत. तेव्हा एका दिनारचे दीडशे रुपये येत. पुढे भाव चढत गेला. धाकटा दीर बाबल फोनवर बघून तो सांगायचा आणि वहिनी देवाला हात जोडायच्या.

भाव दोनशे ऐंशीच्या वर गेला, तेव्हा बाबल म्हणाला, "वहिनी, दादाचे दिनार सगळे तुमचे. मी वाटा मागत नाही. खोली तेवढी माझ्या नावावर करा."

वहिनींना हे न्यायाचं वाटलं. त्यांनी सही केली. मग देवाची क्षमा मागून त्या नोटा मोडायला गेल्या.

दुकानदाराने नोटा उलटसुलट करून परत सरकवल्या. "मावशी, हा जुना छाप. तिकडे कधीच बंद झाला. बदलून घ्यायची मुदतही गेली. भाव आहे तो नव्या नोटांचा."

वहिनी घरी आल्या तेव्हा बाबल चहा पीत होता. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी भाव कधी खोटा सांगितला काय? नोटा चालतात का, ते तुम्ही विचारलंतच नाही." त्याने कप खाली ठेवला. "आणि उद्या सकाळी जरा देवळात जाऊन बसा. खोली बघायला गिऱ्हाईक येतंय."