न्यायसभेतली डुलकी

अथेन्सच्या बाजाराची हद्द जिथं सुरू होते तिथं एक दगड उभा आहे, आणि त्या दगडाला लागूनच फानियासचं वहाणांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, दाराशी एक ठोकळा, भिंतीवर टांगलेली कातडी, आणि रापी-आरी घेऊन बसलेला फानियास. सकाळपासून लोकांची रीघ असायची. कुणाचा बंद तुटलेला, कुणाचा तळ झिजलेला. वहाण हातात घेतली की फानियास आधी बातमी विचारायचा, मग दुखणं.

त्याला खरा अभिमान होता तो मात्र वहाणांचा नव्हता. तो पंच होता. वर्षाच्या सुरुवातीला टेकडीवर जाऊन शपथ घ्यायची, नावाची पितळी पट्टी जवळ बाळगायची, आणि ज्या दिवशी चिठ्ठीत नाव निघेल त्या दिवशी न्यायसभेत जाऊन बसायचं. त्याचा बाप दुसऱ्याच्या मळ्यात ऑलिव्ह झोडपायला जायचा. पण त्याच बापाचा मुलगा बाकावर बसला की मोठमोठे जमीनदार समोर उभे राहून "अथेन्सकरहो" म्हणून हात जोडायचे. फानियासला ते फार आवडायचं.

स्मिकोनचा खटला उभा राहिला तो ऐन उन्हाळ्यात. स्मिकोन पायरियस बंदरावरचा कोठारवाला. लढाऊ जहाजांचे दोरखंड आणि शिडं त्याच्या ताब्यात असत. गावाचे दोरखंड परस्पर शेजारच्या मेगारा शहराच्या व्यापाऱ्यांना विकले, असा त्याच्यावर आरोप होता. आरोप करणारा एक तरुण वक्ता होता, नाव कमवायला निघालेला. पण बोलला काय! खलाशी आपल्या बायकापोरांना सोडून समुद्रावर जातात, आणि इथं हा माणूस त्यांच्या जिवाचा दोर कापून विकतो, म्हणाला. पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. फानियासच्याही आलं. वक्त्याच्या वाट्याचं पाणघड्याळातलं पाणी संपलं तेव्हा त्याला वाईटच वाटलं, आणखी ऐकायला हवं होतं म्हणून.

मग स्मिकोन उभा राहिला. बुटका, घामाघूम झालेला, आवाज बसलेला. कुठल्या महिन्यात कोणतं जहाज आलं, कोणत्या कप्तानानं काय नेलं, हे तो सांगू लागला. ऊन डोक्यावर आलं होतं. फानियास सकाळी जवाची भाकरी आणि खारवलेला मासा पोटभर खाऊन आला होता. पाणघड्याळाची धार एकसुरी पडत होती. पुढच्याच बाकावर बसलेल्या फानियासची हनुवटी छातीला कधी टेकली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

जाग आली ती माणसं उठू लागली तेव्हा. हातात मत द्यायच्या दोन चकत्या आल्या, एकीची दांडी पोकळ, दुसरीची भरीव. पोकळ म्हणजे दोषी, भरीव म्हणजे निर्दोष. दांडीची टोकं बोटांच्या चिमटीत धरायची, म्हणजे शेजाऱ्यालाही कळत नाही आपण काय टाकतोय. फानियासनं क्षणभर विचार केला. त्याला वक्त्याचा तो जिवाचा दोर आठवला. स्मिकोनचं काहीच आठवलं नाही. त्यानं पोकळ चकती पितळी घड्यात टाकली.

चार-दोन मतांच्या फरकानं स्मिकोन दोषी ठरला. त्याचे नागरिकाचे सगळे हक्क गेले, आणि मुलाला पुढे मिळायचे तेही. सभेत बोलायचं नाही, देवळात जायचं नाही, बाजारात पाऊल टाकायचं नाही.

रात्री जेवताना फानियासनं वक्त्याची वाक्यं हातवारे करून बायकोला ऐकवली. हेदिस्तेनं मसुराचं कढण वाढता वाढता विचारलं, "आणि तो काय म्हणाला?"

"कोण?"

"ज्याला शिक्षा झाली तो."

"तो काय म्हणणार? तत पप करत होता," फानियास म्हणाला.

पानगळ सुरू झाली तेव्हा त्याला स्मिकोन पुन्हा दिसला. हद्दीच्या दगडाशी येऊन तो उभा राहायचा. त्याची बायको टोपली घेऊन आत जायची, आणि ती परत येईपर्यंत हा बाहेर थांबायचा. पूर्वी जो माणूस मासळीवाल्यांशी घासाघीस करण्यात पटाईत होता, तो आता बायकोला लांबून खुणा करायचा, तो नको, पलीकडचा घे. येणारे-जाणारे नजर चुकवायचे. फानियासही मान खाली घालून टाका घालत राहायचा.

एक दिवस वहाणेचा बंद तुटला म्हणून स्मिकोन सरळ दुकानात शिरला. दुकान हद्दीच्या बाहेर होतं, तिथं त्याला कुणी अडवू शकत नव्हतं.

"बसा," फानियास म्हणाला. बंद ओवता ओवता त्याला राहवलं नाही. "त्या दिवशी तुमचं म्हणणं तरी काय होतं?"

"तुम्ही नव्हता का तिथं? अर्धं गाव होतं."

फानियासनं दोरा दातानं तोडला.

"सोपं होतं हो," स्मिकोन म्हणाला. "दोरखंड मी कप्तानाला दिले. ते जहाज किऑस बेटाजवळ बुडालं. कप्तानाचा भाऊ साक्षीला आणला होता, त्यानं ते दोरखंड स्वतः जहाजावर चढवले होते. मेगाराला विकलेला दोर आमचा नव्हताच, आमच्या दोराला डांबर असतं, त्याला नव्हतं. तुकडा दाखवला मी सगळ्यांना."

"मग पटलं कसं नाही कुणाला?"

"मला बोलता येत नाही. पण घरी पाठ करून गेलो होतो. सुरुवात बरी झाली. मग पुढच्या बाकाकडे पाहिलं तर एक जण झोपलेला. माझा जीव टांगणीला, आणि हा घोरतोय. तिथं जे शब्द विसरलो ते विसरलोच. त्याच्या आजूबाजूचे लोकही माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघून हसत होते."

आरी फानियासच्या अंगठ्यात शिरली. रक्त कातड्यावर पडलं ते त्यानं पुसलं, आणि वहाण पुढे केली. स्मिकोन आभार मानून गेला.

त्या दिवसापासून त्याचं कामात लक्ष लागेना. सिनोपेहून आलेला एक व्यापारी पुढच्या आठवड्यात वहाणांची मापं द्यायला आला. त्याला अथेन्सच्या न्यायसभेचं भारी कौतुक. "आमच्याकडे सरदार म्हणेल तो न्याय," तो म्हणाला. "तुमच्याकडे म्हणे कोळी आणि कुंभार न्याय देतात. नीट सांगा, घरी जाऊन लोकांना सांगायचंय मला."

फानियासनं सगळं सांगितलं. कुठल्या खटल्याला कोण बसणार हे चिठ्ठ्यांवर ठरतं, म्हणून लाच देता येत नाही. दोघांना पाणी सारखंच, म्हणून श्रीमंताला जास्त बोलता येत नाही. मत गुप्त, म्हणून कुणाची भीती नाही. दोन्ही बाजू सारख्या कानानं ऐकेन अशी प्रत्येकाची शपथ. बोलता बोलता तो शपथेशी आला आणि थांबला.

"किती शहाणी माणसं तुमची," व्यापारी म्हणाला. "असं आमच्याकडे आणता आलं तर काय हवं!"

"आणा," फानियास म्हणाला, "पण पंचांना सकाळी पोटभर खाऊ देऊ नका." व्यापारी ही थट्टा समजून मनापासून हसला.

फानियास थ्रासोनकडे गेला. थ्रासोन मासळी विकायचा, आणि स्मिकोनच्या खटल्याला बाकावर त्याच्या शेजारीच बसला होता.

"कोपर मारलं होतं की तुला," थ्रासोन म्हणाला. "उठलाच नाहीस."

"तू काय टाकलंस?"

"विचारायचं नसतं ते. पण तुला सांगतो, पोकळ. मला धड कळेना. म्हटलं, फानियासला एवढी गाढ झोप लागली, म्हणजे ऐकण्यासारखं काही नसणार."

"माझ्या झोपेवर तू मत दिलंस?"

"तू तरी कशावर दिलंस?" थ्रासोन म्हणाला, आणि माशाची आतडी काढायला लागला.

फानियास घरी आला आणि हेदिस्तेला सगळं सांगितलं. ती लोकर पिंजत होती. तिचा हात थांबला नाही. "मला नका सांगू," ती म्हणाली. "माझं काय बिघडलंय? त्याला सांगा."

"तो काय म्हणेल?"

"जे म्हणेल ते या वेळी जागेपणी ऐका."

दुसऱ्या दिवशी स्मिकोन दगडाशी उभा असताना फानियास रापी ठेवून बाहेर आला. "तो झोपलेला माणूस मी होतो," तो म्हणाला. "आणि मी दोषीचं मत दिलं."

स्मिकोननं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. "तरीच," तो म्हणाला. "तोंड दिसलं नव्हतं, टक्कल दिसलं होतं." मग आवाज बदलून म्हणाला, "म्हणजे तो तू. मी तुझ्याकडून वहाण शिवून घेतली. तुला जाऊन सांगितलं मी सगळं, आणि तू बंद ओवत बसलास."

"हो."

"इतके दिवस मी अख्ख्या गावाला शिव्या देत होतो. गावाला शिव्या दिल्या की माणसाला झोप तरी लागते." तेवढ्यात त्याची बायको टोपली घेऊन परत आली. तिच्या हातातली टोपली घेऊन तो जाता जाता म्हणाला, "माझा मुलगा येत्या वर्षी नागरिक व्हायचा होता. आता जागा झालायस तर काहीतरी कर."

करण्यासारखं एकच होतं. गेलेले हक्क परत द्या, असं नागरिकांच्या सभेत नुसतं म्हणायलाही आधी सहा हजार माणसांनी गुप्त मतानं दिलेली परवानगी लागते. तो सबंध हिवाळा फानियास दुकान अर्धवेळ बंद ठेवून फिरला. कुंभारवाड्यात गेला, रंगाऱ्यांकडे गेला, बंदरावरच्या सुतारांकडे गेला. प्रत्येक ठिकाणी स्वतःची डुलकी आधी सांगायची आणि मग स्मिकोनची बाजू, तीही डांबरासकट. लोक हसले. "झोपाळू पंच आला," म्हणू लागले. एका कुंभारानं तर त्याला उशी देऊ केली. फानियास ती थट्टा गिळायचा, आणि बोलायला लागायचा.

सभेच्या दिवशी झोंबरा वारा होता. बरीच माणसं आली. थ्रासोनही आला, सगळी मासळीआळी घेऊन. पण मतं मोजली तेव्हा आकडा कमी पडला. फार नाही, पण पडला. विषय उघडलाच गेला नाही.

वसंतात स्मिकोननं बिऱ्हाड हलवलं आणि बायको-मुलासह दुसऱ्या शहरी, खाल्किसला गेला. जाण्याआधी फानियासनं तिघांना पुरतील अशा जाड तळाच्या वहाणा शिवून पाठवल्या. त्या त्यांनी घेतल्या की नाही हे त्याला कधी कळलं नाही. निरोप आला नाही, वहाणाही परत आल्या नाहीत.

पुढल्या वर्षी शपथ घ्यायला जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. हेदिस्ते म्हणाली, "तुम्ही नाही गेलात तर तिथं कोण बसेल? ज्याला अजून कळलेलं नाही तोच ना?" तो गेला.

पहिलाच खटला मधाच्या व्यापाऱ्याचा निघाला. भेसळीचा आरोप होता. फानियास उपाशी पोटी गेला होता. दोन्ही बाजू त्यानं शब्दन् शब्द ऐकल्या, साक्षीदारांचे चेहरे पाहिले, आणि चकत्या हातात आल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतकं ऐकूनही खरं कोण बोलतंय हे त्याला कळत नाहीये. मागचे लोक रांग पुढे सरकवत होते. घड्याशी तो इतका वेळ उभा राहिला की शिपायानं त्याला हटकलं. शेवटी त्यानं भरीव चकती टाकली. व्यापारी सुटला.

घरी आल्यावर त्यानं हात धुतले, पण तो जेवायला बसला नाही. हेदिस्तेनं विचारलं, तेव्हा त्यानं आधी आरोप करणाऱ्याचं म्हणणं सांगितलं, मग व्यापाऱ्याचं. दोन्ही सारख्याच आवाजात.

"मग तुम्ही काय टाकलंत?"

"ते विचारायचं नसतं," तो म्हणाला, आणि बराच वेळ अंगणात बसून राहिला.