इस्त्री बिघडली नव्हती

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना सगळी इमारत भिंगकाका म्हणायची. चष्म्याच्या एका जुन्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ते काचा घासत आणि फ्रेममध्ये बसवत. उभं आयुष्य त्यांनी त्या एका स्टुलावर काढलं. बोलणं अगदी बेताचं. नवरा-बायको दोघांच्या वाटचं बोलायचं काम मावशींनी अंगावर घेतलं होतं.

मावशी घरी शिवणकाम करायच्या. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. मी खालीच राहते आणि भाषांतराची कामं घरून करते, त्यामुळे दिवसभर डोक्यावर त्यांच्या मशीनची घरघर असायची. मशीन थांबलं की इस्त्री. शिवलेला प्रत्येक कपडा इस्त्री केल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या नाहीत. "चुरगळलेला कपडा देणं म्हणजे तोंड न धुता पाहुण्यांसमोर जाणं," असं म्हणायच्या. काकांवर त्यांचा तोंडाचा पट्टा सतत चालू असायचा. "यांना गावभरच्या लोकांचे डोळे कळतात, पण ताटाशेजारचं मीठ दिसत नाही!" काका हसायचे आणि मीठ शोधायचे.

मग मावशी विसरायला लागल्या. आधी गिऱ्हाइकांची मापं, मग दुधाचं पातेलं. एकदा वरून जळका वास आला म्हणून मी धावत गेले. एका लहान मुलीच्या गणवेशावर इस्त्री पालथी पडलेली आणि मावशी गॅलरीत शांतपणे कपडे वाळत घालत होत्या. मी प्लग ओढून काढला. टेबलाचं लाकूड काळं पडलं होतं.

"काही नाही गं, जरासा डाग पडला," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

पुढे पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी पडद्यानेही पेट घेतला. तो काकांच्या समोरच घेतला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा बरा होणारा नाही, हेही सांगितलं. यांना विस्तवाशी, विजेशी एकटं सोडू नका, म्हणाले. पण काकांना दिवसभर दुकान. दिवसाची बाई ठेवून पाहिली, तर मावशींनी तिला आठवड्याच्या आत पळवून लावलं. "माझ्या घरात माझ्यावर पहारा?" असं विचारून तिची चप्पलच जिन्यात नेऊन ठेवली.

तेव्हा त्यांची लेक आली. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. येताना ती एक खोका भरून स्मार्ट प्लग आणि दिवे घेऊन आली होती. वस्तू स्वस्त नव्हत्या. काका दर वस्तू हातात घेऊन "एवढ्याशा डबीला एवढे?" म्हणत राहिले.

"बाबा, घर जळण्यापेक्षा स्वस्तच आहे ना," लेक म्हणाली. "तुम्ही दुकानात बसून फोनवर बघा. इस्त्री चालू राहिली, तर तिथूनच बंद करा. तुम्ही विसरलात तरी दहा मिनिटांनी आपोआप बंद होईल."

तिने इस्त्रीचा प्लग कपाटाच्या मागे बसवला आणि आईच्या हाताशी फक्त वायरचा जोडबोर्ड आणून ठेवला. विजेच्या शेगडीला एक, गीझरला एक, शिवणमशीनच्या मोटरलाही एक. गॅस काढूनच टाकला. दिवे संध्याकाळ झाली की स्वतःहून लागणार होते. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं, तर फोनवरून काही करता येत नाही, म्हणून तिने सगळ्या बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या.

"आईला काय सांगायचं?" काकांनी विचारलं.

"काही नको. समजावलं तर तिचा गोंधळ वाढेल, नाहीतर चिडेल. त्या बाईचं काय झालं, पाहिलंत ना?"

काकांना ते पटलं. त्यांना कटकट नको होती, आणि लेक जे म्हणत होती ते चूकही वाटत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात त्या प्लगने आपली किंमत वसूल केली. दुकानात काकांच्या फोनवर खूण आली, शेगडी चालू आहे. त्यांनी घरी फोन लावला, मावशींनी उचलला नाही. काकांनी बोटाने शेगडी बंद केली आणि मला फोन केला. मी वर गेले. मावशी आंघोळीला गेल्या होत्या आणि शेगडीवर रिकामं पातेलं लाल व्हायच्या बेतात होतं. त्या संध्याकाळी काका माझ्या दारात उभे राहिले. "वाचलो गं," एवढंच म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडलेला चेहऱ्यावर दिसत होता. त्यानंतर दुकानात जो भेटेल त्याला ते या प्लगचं कौतुक सांगायचे. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे पाहिजेच, म्हणायचे.

पण वर वेगळंच काहीतरी चाललं होतं, आणि ते आधी मला दिसलं.

एका दुपारी मावशी इस्त्री पिशवीत घालून जिना उतरत होत्या. "मेली मधेच गार पडते. दुरुस्तीवाल्याकडे नेते." संध्याकाळी परत आल्या. दुरुस्तीवाल्याने तिथे लावून दाखवली होती, उत्तम तापत होती. घरी लावली. दहा मिनिटांनी गार. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा तो गिऱ्हाइकांसमोर हसला. "आजी, इस्त्री ठीक आहे. डोकं तपासून घ्या."

हे त्यांनीच मला सांगितलं, जिन्यात बसून. एरवी अशा माणसाची त्यांनी तिथल्या तिथे खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी त्या मला विचारत होत्या, "खरंच असं असेल का गं? मी बटण दाबते, चालू होतं. मग मीच बंद करत असेन आणि मला आठवत नसेल."

मी काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, लेकीशी बोलतो. लेक म्हणाली, थोडे दिवस जाऊ दे, सवय होईल.

सवय झालीच. आधी इस्त्री थांबली. मग मशीन. मशीनही मधेच बंद पडायचं, कारण मावशी सुई बोटात घालून घेतील या भीतीने त्याला वेळ लावून दिली होती. शिवणीच्या मध्यावर मोटर गप्प व्हायची आणि मावशी पायाने पेडल दाबत बसायच्या. गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, आता जमत नाही. माझ्या डोक्यावरची घरघर बंद झाली. आधी वाटलं, बरं, कामात लक्ष लागेल. ते काही लागलं नाही.

काकांच्या फोनवर मात्र सगळं छान दिसत होतं. कुठलंच उपकरण चालू नाही, एकही धोक्याची खूण नाही. ते निवांत काचा घासत होते.

एके दिवशी दुकानात वीज दुरुस्तीचं काम निघालं म्हणून ते दुपारीच घरी आले. आभाळ भरून आलं होतं, घरात अंधार. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. रेडिओ नाही, दिवा नाही. सकाळचं जेवण ताटाखाली झाकलेलं तसंच.

"अगं, अंधारात का बसलीस? दिवा लाव ना."

"लागतो तो. त्याच्या वेळेला."

"जेवलीस का नाहीस?"

"गरम करायचं होतं," मावशी म्हणाल्या. "पण शेगडी माझं ऐकत नाही. अहो, या घरातलं आता काहीच माझं ऐकत नाही."

काकांनी तिथेच कपाट ओढलं आणि मागचा प्लग उपटून काढला. शेगडीचा काढला, मशीनचा काढला. नखांनी चिकटपट्ट्या खरवडल्या. मावशी बघत राहिल्या. मग काकांनी त्या पांढऱ्या डब्या टेबलावर ठेवून सगळं खरं सांगितलं. हे मला नंतर काकांकडूनच कळलं. आवाज मात्र त्याच वेळी खाली ऐकू आला होता.

"म्हणजे इस्त्री बिघडली नव्हती?"

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं. मी त्या मेल्याच्या दुकानात तीनदा गेले, तो मला हसला, आणि तुम्हाला माहीत होतं!"

"तुझ्या काळजीपोटी गं."

"मग मला सांगायचं होतं! मी विसरले असते तर पुन्हा सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं!"

इतक्या महिन्यांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता. पुढचे दोन-तीन दिवस त्या काकांशी अवाक्षर बोलल्या नाहीत. काका ओशाळून वावरत होते, पण मला म्हणाले, "रागावली आहे, म्हणजे अजून आहे." मग एका सकाळी मावशींनी नेहमीसारखा चहा मागितला आणि हसल्या. भांडण त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. काका जिन्यात येऊन बसले. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "माफी मागायची राहिली," ते म्हणाले. "आता कशाची मागू? तिला माहीतच नाही."

त्यांनी नोकरी सोडली. मुदतीआधी सोडल्यामुळे हातात कमी आलं, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मावशींना मशीनपुढे बसवून ते शेजारी स्टूल घेऊन बसत. पण मावशींना सुईत दोरा ओवता येईना. काकांनी ओवून दिला, तर कापड कुठल्या बाजूने सरकवायचं ते कळेना. आयुष्यभर डोळे मिटून केलेलं काम त्या परक्या गोष्टीसारखं बघत होत्या. काकांनी डॉक्टरांना विचारलं, मधले महिने हात बसून राहिले म्हणून हे गेलं का? डॉक्टर म्हणाले, हे जाणारच होतं, आज नाहीतर उद्या. काकांना ते उत्तर पुरलं नाही. आज आणि उद्या यांत जे अंतर होतं, ते कुणी आणि कशाच्या बदल्यात घेतलं, हे ते स्वतःला विचारत राहिले असावेत.

इस्त्री मात्र जमायची. काका समोर बसत, मावशी अभ्र्यावरून इस्त्री फिरवत. एकच अभ्रा, पुन्हा पुन्हा, कडा जुळवून. कधी कधी काकांना ओरडायच्याही, "बघता काय नुसते? घडी घाला." काका घडी घालायचे.

असं वर्षभर चाललं. मग मावशी रस्त्यावर निघून जायला लागल्या. काका एकटे पुरेनासे झाले. लेकीने तिच्या शहरात अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा मिळवली. लेकीला मी दोष देत नाही. तिने जे केलं, ते आईच्या जिवासाठी केलं, आणि एकदा तो जीव खरोखरच वाचला होता. निरोप द्यायला गेले तेव्हा ती सामान बांधत होती. ते प्लग एका पिशवीत भरून तिने मला विचारलं, "तुला उपयोगी पडतील का? चांगले आहेत, वाया कशाला घालवायचे."

मी काकांकडे पाहिलं. "घे," ते म्हणाले. "वस्तू वाईट नाही. घरात कुणी माणूस असेल तर त्याला विचारून लाव."

मी एकटीच राहते. मी पिशवी घेतली, पण अजून उघडली नाही.

मावशी तिथे दोन वर्षं होत्या. काकांनी जवळच एक खोली घेतली होती आणि रोज सकाळी जात होते. शेवटी शेवटी त्या काकांना संस्थेतला कामाचा माणूस समजायच्या आणि अगदी अदबीने 'दादा' म्हणून पाणी मागायच्या. काकांनीच ते मला फोनवर सांगितलं. मावशी गेल्या त्या दिवशी लेकीचा फोन आला. काकांना दे म्हटलं, तर म्हणाली, ते फोन घेत नाहीयेत, खिडकीशी बसलेत.

वरचं घर आता दुसऱ्या कुणाला भाड्याने दिलंय. माणसं चांगली आहेत, दिवसभर बाहेर असतात.