कालिंदीबाईंना नको असलेला दिवा

दादरच्या त्या सोसायटीत आगीची नवी घंटा बसली, तेव्हा ऐकू न येणाऱ्यांच्या घरात घंटेबरोबर उघडझाप करणारा लाल दिवाही बसवायचा होता. कालिंदी कोठारे यांनी सेक्रेटरी मनमोहन गुप्ते यांना दारातूनच परत पाठवलं.

"आमच्याकडे नको. मी आहे ना."

"वहिनी, एवढासा तर दिवा आहे."

"एवढासा असू दे. मी काय बंद पडलेय?"

कालिंदीबाईंचे यजमान रघुवीर जन्मापासून बहिरे. ते एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचे, त्या विमा कचेरीत कारकून होत्या. लग्नानंतर दोघांनी आपल्या खुणा आपणच ठरवल्या. डॉक्टरांचं म्हणणं, पावसाळ्यातल्या सूचना, नातेवाइकांची भांडणं, सगळं रघुवीररावांपर्यंत बाईंच्या हातांतून जायचं. भांडणांत थोडी काटछाटही व्हायची. इमारतीतही तोच रिवाज पडला. रघुवीररावांना काही सांगायचं म्हणजे कालिंदीबाईंना सांगायचं.

मग तिसऱ्या मजल्यावर सलोनी राहायला आली. तिचे आईवडील दोघेही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा ती बोलायच्या आधी शिकली होती. दर रविवारी ती सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग घेऊ लागली. आग लागली, पाणी भरलं, गॅस गळाला, तर काय करायचं, कुठल्या जिन्याने उतरायचं. प्रसंगाला लगेच पाठवता येतील असे खुणांचे छोटे व्हिडिओही तिने करून ठेवले होते. रघुवीरराव इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागले. घरी आल्यावर आरशासमोर सराव करत.

"एवढं काय शिकवते ती?" बाईंनी एकदा खुणेने विचारलं.

त्यांनी उत्साहाने सांगितलं. निम्म्या खुणा बाईंना कळल्या नाहीत. पुन्हा विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. गिरगावातल्या बहिणीला फोनवर मात्र म्हणाल्या, "नलू, उभ्या संसारात माझ्याशी एवढं बोलले नाहीत गं हे."

"अगं, मुलीच्या वयाची पोर ती!"

"वयाचं कोण बोलतंय? सगळं माझ्याकडून कळायचं त्यांना. आता मलाच शिकवतात."

त्याच नलूच्या मुलीच्या केळवणाला बाई एका दुपारी गिरगावात गेल्या. गर्दीतल्या गप्पांचा रघुवीररावांना कंटाळा, ते घरीच राहिले. पंगत बसत होती तेवढ्यात गुप्त्यांचा फोन आला. मीटरच्या खोलीत धूर झाला होता.

"यांना कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

घंटा वाजल्यावर शेजारी कोठाऱ्यांच्या दारावरूनच खाली उतरले होते. कोणी थांबलं नव्हतं. बाई घरात असतील, त्या सांगतील, असं प्रत्येकाने धरून चाललं होतं.

"आलेत, आलेत खाली," गुप्ते म्हणाले. "सलोनीने व्हिडिओ पाठवला. साहेब बऱ्याच जणांच्या आधी उतरले!"

टॅक्सी फाटकाशी थांबली. रघुवीरराव वॉचमनच्या स्टुलावर बसले होते, समोर सलोनी. दोघांचे हात भरभर चालले होते आणि रघुवीरराव हसत होते. बाईंनी जवळ जाऊन खूण केली, ठीक? त्यांनी मान हलवली आणि सलोनीशी अर्धवट राहिलेलं पुरं करायला वळले.

"काकू, घाबरू नका," सलोनी म्हणाली. "काका एकदम शांतपणे आले."

"मी कुठे घाबरलेय?"

बाईंचा चेहरा उतरला होता. शेजारणींनी त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी दिवा बसला. बाईंनी हूं की चूं केलं नाही. रविवारी मात्र त्या नवऱ्याबरोबर हॉलमध्ये गेल्या आणि एक खुर्ची ओढून बरोबर सलोनी आणि रघुवीरराव यांच्या मधोमध बसल्या.

"या ना काकू. शिकणार?"

"बघते."

सलोनीने सुरुवात केली. रघुवीररावांनी डावीकडून, मग उजवीकडून मान काढून पाहिलं. काही दिसेना. त्यांनी बायकोच्या खांद्यावर टिचकी मारली, आणि त्या वळल्यावर दोन बोटं आपल्या मनगटावरून कोपराकडे सरकवली. बाईंनी खुर्ची बाजूला घेतली.

सलोनी थांबली. "काका, ही कुठली खूण? मला नाही माहीत."

रघुवीररावांनी बायकोकडे पाहिलं.

"आमच्यातली आहे," कालिंदीबाई म्हणाल्या. "तू शिकव तुझं पुढचं."