फोटोतले रंग कोणी भरले?

मैत्रिणींनो, आज राळेगावला शिकवणीच्या मुलींना अवकाश दुर्बिणीने टिपलेला, तारे जन्मतात त्या धुळीच्या ढगाचा फोटो दाखवला. "रंगासकट अगदी खरा," असं मी ठासून सांगितलं.

एकीची आई, सुमनकाकू, न्यायला आली होती. यंदा कपाशीच्या वरून चांगल्या दिसणाऱ्या बोंडांत अळी निघाली, तेव्हापासून ती बोंड फोडल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. "रंग कोनं भरले? पोरीले खोटं शिकवून राह्यली का वं?"

मलाही शंका आली. तिथंच मोबाइलवर शोधून वाचलं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश धुळीतून आरपार येतो, म्हणून दुर्बिणीला आत जन्मणारे तारे दिसतात. रंग मात्र नंतर माणसं देतात.

मी मुलींसमोर आणि काकूसमोर चूक कबूल केली, वाचलेलं सगळं सांगितलं. लहानपणी बाबांनी घरीच शिकवलं, तेव्हाचा पहिला नियम होता: तपासल्याशिवाय बोलायचं नाही.

काकू म्हणाली, "म्हंजे बोंड न फोडता आतलं दिसते! उद्या पाठवीन पोरीले. पन इचारत राहीन."

तुम्हाला असं कोण विचारतं?