मधली जागा

अमरावतीहून तार आली तेव्हा अकोल्यात भरदुपार होती. शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या घरघरीत मला माझाच आवाज ऐकू येईना. रणजितसिंह सर गेले होते... अमरावतीच्या शाळेत आम्ही बरोबर शिकवले. ते भूगोल, मी मराठी. सातपुड्याच्या कुशीतल्या एका चिमुकल्या संस्थानाचे ते वारस. संस्थान विलीन झाले, मागोमाग वडील गेले, आणि राजटिळ्यावाचून त्यांचे कपाळ कोरेच राहिले. शाळेतल्या मुली पाठीमागे त्यांना ‘युवराज सर’ म्हणत.

त्यांच्या भाड्याच्या खोलीत पांढऱ्या चादरीची एक गादी होती. पहिल्याच भेटीत मी तिच्या मधोमध बसले, आणि सरांच्या पत्नीच्या, वहिनीसाहेबांच्या हातातली कपबशी किणकिणली. टिळा होईतो वारसाने डाव्या कडेला बसायचे, मधली जागा रिकामी ठेवायची; परक्याने ती अडवली की त्या दिवशी टिळा होत नाही, ही त्या घरची रीत मला कुठून ठाऊक असणार! सर मात्र हसले. “बसा, बाई. कुणाची तरी ऊब लागू दे तिला.”

पुढच्या दसऱ्याला मी सोने द्यायला गेले, तर डोंगरातून संस्थानच्या जुन्या रयतेतले सातजण आलेले. खोलीत झेंडूचा उग्र वास, ताटात तुपात कालवलेले कुंकू, दाराशी टेकवलेल्या कुऱ्हाडी. त्यांच्या वहिवाटीच्या शेतांना दुसऱ्या दिवशी सरकारी कुंपण पडणार होते.

“टिळा घ्या, राजे,” म्हातारे सोमाजी म्हणाले. “तुमचा हुकूम असला तं आमी हटत नाई.”

“बंदुका घेऊन येतील ते, सोमाजी.”

“येऊ द्या ना! तुमी काहून भेता? तुमच्या बापानं कधी पाठ नाई दाखवली.”

सरांच्या कानशिलावरची शीर उडू लागली. त्यांचा गुडघा मधल्या जागेकडे किंचित सरकला... वहिनीसाहेबांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, “बाई, बसा तिथे.”

मी बसले. चादरीचा गारवा पाठीच्या कण्यात चढला. सोमाजींनी कुंकवाचा अंगठा धोतराला पुसला. “बाईमानसाच्या आड लपले राजे!” एवढे बोलून त्यांनी कुऱ्हाड उचलली. सर अनवाणी त्यांच्यामागे गेले आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी हातात अर्ज घेऊन एकटेच उभे राहिले. कुणाचा जीव गेला नाही. शेते मात्र गेली. नंतर एकाही दसऱ्याला डोंगरातून कुणी आले नाही. सर मात्र दर दसऱ्याला दार सताड उघडे ठेवत.

यंदाच्या दसऱ्याला मी अमरावतीला गेले. सरांना जाऊन महिना उलटला होता. दार तसेच उघडे, गादीही तशीच. मधला कापूस फुगलेला, सरांच्या बसण्याने डावी कड दबून खोलगट झालेली. उंबऱ्यात सोमाजी उभे होते, पार वाकलेले. म्हाताऱ्याने मधल्या जागेकडे पाहिलेही नाही. आपट्याचे पान डाव्या कडेच्या त्या खोलगट जागी ठेवले, आणि तीन पावले मागे सरून मुजरा केला.