डेनिसच्या डायनरमधले दोन रविवार

"आई, तुला नक्की काय बघायचंय ते सांग, म्हणजे वीकेंडला एकेक करून टाकू," माझी लेक मुक्ता म्हणाली. मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला तिच्याकडे येऊन दोनेक आठवडे झाले होते आणि खिडकीतून शेजाऱ्यांच्या झाडांची लाल पानं गळताना बघण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. मी म्हटलं, बघायचं काही नाही गं, खायचं आहे. सोडा ब्रेड.

नाशिकला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बऱ्याचशा नन्स आयर्लंडहून आलेल्या होत्या. शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात ताक आणि खायचा सोडा घातलेला गोल पाव भाजला जायचा. त्याचा वास भूगोलाच्या तासाला वर्गात शिरला की नकाशावर कुणाचं लक्ष राहत नसे. प्रार्थना न अडखळता म्हणणाऱ्या मुलीला त्या पावाचा कडेचा खरपूस तुकडा मिळायचा. मला तो मोजून तीनदा मिळाला असेल, पण चव अजून जिभेवर आहे. मुक्ताने फोनवर शोधलं आणि शिकागोच्या दक्षिणेकडच्या एका जुन्या वस्तीत एक आयरिश कुटुंबाचं छोटंसं डायनर सापडलं.

खरं सांगायचं तर ब्रेड हे निमित्त होतं. मुक्ताचे बाबा दीड वर्षापूर्वी अचानक गेले. तिच्या व्हिसाचे कागद तेव्हा अडकलेले होते. भारतात आली असती तर अमेरिकेला परत जाता येईल याची खात्री नव्हती. तिने बाबांचे अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले. त्यानंतर ती त्यांच्याबद्दल एक शब्द बोललेली नव्हती. मी ह्यांचं नाव काढलं की ती उठून सिंककडे जायची आणि नळ सोडायची. घरात भांडी घासायचं मशीन आहे, तरी रोज संध्याकाळी ती तासभर हातानेच भांडी घासत उभी असायची. जावई म्हणाले, "जाऊ द्या आई, तिचं ते मेडिटेशन आहे." मला ते पटलं नव्हतं. परत जायच्या आधी एकदा तरी आम्ही दोघींनी ह्यांच्याविषयी बोलावं, एवढंच मनात धरून मी विमानात बसले होते. रविवारी सकाळी जावई नातीला पोहायच्या क्लासला नेतात. तेवढाच वेळ आम्हा दोघींचा होता.

नेपरव्हिलहून गाडीने पाऊण तास लागला. टोल लागतो, तो गाडीवरच्या यंत्रातून आपोआप जातो. रविवारी रस्त्यावर पार्किंग फुकट असतं, मात्र नऊच्या आत पोचा. नंतर दारात रांग लागते. बाहेरून बघितलं तर दुकान अगदी साधं. हिरवं दार, त्याला बांधलेली घंटा, आत सात-आठ टेबलं आणि लांब काउंटर. काउंटरपलीकडे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भलामोठा तवा तापलेला, त्यावर एकीकडे बटाटे आणि एकीकडे बेकन.

पहिला धक्का मेन्यू वाचताना बसला. आयरिश ब्रेकफास्ट म्हणजे दोन अंडी, बीन्स, भाजलेला टोमॅटो, मशरूम, सॉसेज, आणि 'ब्लॅक पुडिंग'. पुडिंग म्हणजे काहीतरी गोड असणार म्हणून मी ते मागवणार होते. मुक्ताने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं. "आई, ते डुकराच्या रक्ताचं असतं." शाळेत इतकी वर्षं नन्सच्या तोंडून त्या पुडिंगच्या आठवणी ऐकल्या होत्या आणि मी डोळ्यांसमोर कॅरामेल आणत होते. शाकाहारी मंडळींनी तिथे बटाट्याचे केक, अंडी आणि ब्रेड घ्यावा, आणि अंडी वेगळ्या पॅनमध्ये करून द्यायला सांगावं. कुरकुर न करता करून देतात.

चहा घेऊन आला तो मालक डेनिस. सत्तरीचा, पांढऱ्या भुवया, एप्रनला पिठाचे हात पुसलेले. त्याने किटलीत आधी कढत पाणी ओतलं, गोल फिरवलं, ते फेकलं आणि मग चहापत्ती घातली. माझा हात टेबलावरच थांबला. आमच्या सिस्टर बर्नाडेट अगदी असंच करायच्या, "थंड किटलीत चहा रुसतो" म्हणायच्या. मी त्याला ते सांगितलं. त्याने पूर्ण गोष्ट ऐकून घेतली, मग गंभीरपणे म्हणाला की माझी आईसुद्धा हेच म्हणायची, फक्त ती नन नव्हती, म्हणून त्याच वेळी माझ्या डोक्यात टपलीही मारायची.

ब्रेड आला. मी कडेचा तुकडा मिळेल का विचारलं, तर तो मान हलवून म्हणाला, आजचा पोस्टमनसाठी ठेवलेला आहे, इथे त्यावरून भांडणं होतात. "पुढच्या रविवारी ये. तुझ्या नावाने ठेवतो."

दोघींचं मिळून बिल नाशिकच्या महिन्याच्या भाजीएवढं झालं, वर टिप वेगळी. मी हळहळले, मुक्ता हसली. परतताना गाडीत मी म्हटलं, बाबांना हे दुकान आवडलं असतं नाही? ती म्हणाली, "आई, एक्झिट चुकेल, जरा थांब." हायवेवरून उतरायची ती एक्झिट यायला अजून बराच अवकाश होता.

दुसऱ्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दारापर्यंत माणसं उभी होती आणि आत हशा चालला होता. काउंटरवर, ॲपल पाय ठेवलेल्या काचेच्या भांड्याशेजारी, डेनिसचा एक मोठा फोटो मांडलेला. फोटोत तो हातात मासा धरून हसत होता. लोकांच्या चहात सकाळी दहा वाजता व्हिस्की पडत होती. आता तुम्हीच सांगा, फोटोला हार नाही, समोर दिवा नाही, सगळे हसतायत. आपल्याकडे हार नसलेला फोटो म्हणजे जित्या माणसाचा. मी गर्दीतून वाट काढत त्याच्या बायकोपर्यंत, मॉरीनपर्यंत गेले, तिचा हात हातात घेतला आणि कॉन्व्हेंटच्या स्वच्छ इंग्रजीत डेनिसच्या वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा दिल्या.

आसपासच्या चार माणसांनी हातातले कप खाली ठेवले. मॉरीनने माझ्याकडे पाहिलं.

"गुरुवारी सकाळी तो तवा पेटवायला उठला नाही, डिअर," ती म्हणाली. "काल पुरलं त्याला."

एवढ्या वयात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्याहून मोठा धक्का मागोमाग आला, कारण तव्यापाशी त्याचा मुलगा उभा होता आणि अंडी फोडत होता. कालच बापाला माती दिलेली, आणि आज ही माणसं गावाला नाश्ता करून घालत होती. आमच्याकडे अशा घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात, तो कसाबसा गिळायचा. मी माफी मागितली, आम्ही खाणार नाही, आज तुम्ही आमच्यासाठी रांधणं बरोबर नाही, असं काहीबाही बोलले आणि मुक्ताचा दंड धरून दाराकडे वळले. मला वाटलं मी रीत पाळतेय. मॉरीनचा चेहरा मात्र मघाच्या शुभेच्छांनी पडला नव्हता तेवढा आता पडला.

"तूच ना ती, नन्सच्या शाळेतली? कडेच्या तुकड्याची?" तिने विचारलं. "सोमवारी त्याने मला बजावून ठेवलंय. आणि आजच्या दिवशी तू त्याच्या दारातून उपाशी जाणार?"

आम्ही बसलो. जागा नव्हती, म्हणून पोस्टमनने सरकून घेतलं.

मॉरीनने रीत समजावली. आज जो येईल त्याने खायचं आणि डेनिसचा एक किस्सा सांगायचा, शक्यतो त्याची खोडी काढणारा. "चांगलं चांगलं काल चर्चमध्ये फादर बोलले," ती म्हणाली. "आज खरं."

पोस्टमन म्हणाला, वीस वर्षं मी अंड्याचा पिवळा बलक वाहता ठेव म्हणतोय, वीस वर्षं त्याने दगड करून दिला. एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं की तो चर्चमध्ये पाठीमागे बसून फुटबॉलचा स्कोअर ऐकायचा आणि गोल झाला की मोठ्याने 'आमेन' म्हणायचा. तव्यापाशी पाठ करून उभा असलेला मुलगा इतका हसला की त्याने एप्रनने डोळे पुसले, आणि मग ते डोळे पुसणं हसण्याचं राहिलं नाही. कुणी त्याला गप्प केलं नाही, कुणी उठून जवळही गेलं नाही. पुढचा किस्सा सुरू झाला.

मला एकाएकी आठवलं, सिस्टर बर्नाडेट गेल्या तेव्हा आम्हा मुलींना रांगेत उभं करून जॅम लावलेला पाव दिला होता आणि दोन नन्स चक्क हसत होत्या. घरी आल्यावर आईने मला दारातच अंघोळ घातली. 'कोरडी माणसं' म्हणाली. इतकी वर्षं मीही तेच धरून चालले होते.

माझी पाळी आली तेव्हा मी किटलीचं आणि पोस्टमनने पळवलेल्या तुकड्याचं सांगितलं. लोक हसले. मॉरीनने बशीत कडेचा तुकडा आणून माझ्यापुढे ठेवला. आणि मग, मी तो हातात घेते न घेते तोच, शेजारून मुक्ताचा आवाज आला. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"माझ्या बाबांना चहा करता येत नव्हता," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलंही नाही. बघितलं तर ती थांबेल अशी भीती वाटली.

ती सांगत होती की ते रोज पहाटे आई फिरायला गेली की दूध गॅसवर ठेवायचे आणि रोज ते उतू जायचं. आई परत आली की ओट्यावर तळं झालेलं असायचं, आई चिडायची, ते म्हणायचे पेपर वाचत होतो. इथवर मला ठाऊक होतं. ती बोलणी माझीच. अख्ख्या सोसायटीला पाठ असतील.

"ते पेपर नव्हते वाचत," मुक्ता म्हणाली. "ते मला फोन करायचे. तिकडे पहाट, इकडे संध्याकाळ. मी भांडी घासायचे आणि ते बोलायचे. दूध उतू गेलं की 'अरेरे, आली तुझी आई' म्हणून ठेवून द्यायचे."

मी कडेचा तुकडा बशीत परत ठेवला. मुक्ता अमेरिकेला गेल्यावरची सात वर्षं मी ज्या बर्नरवरची करप घासत होते, ती माझ्या लेकीच्या गप्पांची होती. आणि मला वाटत होतं, बापलेक दोघंही अबोल.

"मला का नाही सांगितलं?" मी मराठीत विचारलं.

"ते म्हणायचे, दिवसभर तुझ्या आईला द्यायला माझ्याकडे वेळ आहे, एवढा एक माझा राहू दे." मग ती पुन्हा त्या अनोळखी लोकांकडे वळून म्हणाली, "मी त्यांच्या फ्यूनरलला नव्हते. मी फोनवर बघत होते. आणि त्या दिवशीही संध्याकाळी भांडी घासायला उभी राहिले, कॉल येईल म्हणून."

एवढं बोलून ती रडायला लागली, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी, नाक ओढत. मी पाठीवर हात ठेवायला उचलला, तेवढ्यात मॉरीन बटाट्याची बशी घेऊन आली. तिने सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. बशी मुक्तापुढे ठेवली, काटा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग पेपर कधी वाचायचाच नाही का तो?"

मुक्ता रडता रडता म्हणाली, "फक्त कोडं. तेही चुकीचं सोडवायचे." पोस्टमन गडगडून हसला. आणि हे लिहायला मला अजून विचित्र वाटतं, पण मीही हसले. भरल्या दुकानात, ह्यांच्यावर, मोठ्याने.

निघताना बिल मागितलं तर मॉरीनने हात झटकला. त्या दुकानाचं नाव इथे देत नाहीये, त्यांचं दुःख ताजं आहे आणि फोटो काढायला गर्दी व्हावी असं ते ठिकाण नाही. पण अमेरिकेत कुठल्याही जुन्या आयरिश वस्तीत असं एखादं डायनर सापडेल. साखळी हॉटेलात जाऊ नका, जिथे मालक स्वतः तव्यापाशी असेल तिथे जा. चहा मागा आणि तो किटली आधी गरम करतो का बघा.

परतीच्या रस्त्यावर ह्या खेपेला मी काहीच विचारलं नाही. मुक्ताच बोलत होती. आमची एक्झिट खरोखरच चुकली आणि आम्ही बरंच लांबून घरी पोचलो. त्या संध्याकाळी तिने भांडी मशीनमध्ये लावली.

आता नाशिकला येऊन महिना झाला. सोडा ब्रेड दोनदा करून बघितला, दोन्ही वेळा विटेसारखा झाला. ह्यांच्या फोटोवरचा चंदनाचा हार तसाच आहे. तो काढण्याइतकी मी बदललेले नाही. पण सकाळचं फिरणं मी अर्ध्या तासाने पुढे ढकललंय. मैत्रिणी विचारतात, गुडघे दुखतात का? मी हो म्हणते.

पहाटे उठते, दूध गॅसवर ठेवते आणि मुक्ताला फोन लावते. पलीकडे नळाचा आवाज येत असतो. काल ती नातीच्या शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मला डोळ्यांसमोर साय फुगताना दिसत होती, कड गाठताना दिसत होती. बर्नर दोन पावलांवर होता. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हटलं, "हं, मग पुढे?"